नको म्हणजे नको, की अजून एकदा विचारा?

आमच्या रत्नागिरीकडे दारात आलेल्या माणसाला 'चहा घेणार का?' असे विचारण्याची रीत नाही. 'टेका जरा, चहा टाकते' असे म्हणायचे आणि चुलीकडे वळायचे. त्याआधी गूळपाणी पुढे ठेवायचे. विचारले म्हणजे देण्याचे मनात नाही, असा आपला समज. पाहुणाही रीत जाणून असतो. पहिल्या खेपेला तो 'नको' म्हणतो. दुसऱ्या खेपेला 'कशाला उगाच त्रास?' म्हणतो. तिसऱ्या खेपेला म्हणतो, 'बरं, अर्धा कप टाका.' अर्धा म्हणजे पूर्ण, हे टाकणारीला ठाऊक असते. हा हिशेब शाळेत कोणी शिकवत नाही. आईच्या पदराआडून ऐकून ऐकून पोरे तो शिकतात.

जोपर्यंत पाहुणे आपल्यातले होते तोपर्यंत हा हिशेब चुकत नव्हता. पण २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सबंध मार्ग सुरू झाला आणि हळूहळू लांबलांबची माणसे इकडे येऊ लागली. आमचे गाव गणपतीपुळ्याच्या वाटेवर. घरटी दोन खोल्या रंगवून, संडास-न्हाणीघर नीट करून पर्यटक ठेवायचे, हा धंदा आता आंब्याइतकाच घरोघरी झाला आहे. पुण्या-मुंबईच्या माणसांशी अडत नाही. पण बंगळूरचे, केरळातले, मद्रासकडचे कुटुंब आले की पंचाईत. त्यांना मराठी येत नाही, हिंदी त्यांची तोडकी आणि आमचीही तोडकीच. मग उरते ती इंग्रजी. साहेब जाऊन पाऊणशे वर्षे झाली, आणि त्याची भाषा आमच्या स्वयंपाकघरात शिरली ती आता, सोलकढीची वाटी पुढे करताना.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या बाया माझ्याकडे आल्या. 'बाई, तुम्ही रिटायर झालात, मोकळ्या आहात. आम्हाला चार वाक्यं शिकवा. पाहुण्यांना या म्हणायची, घ्या म्हणायची.' मी प्राथमिक शिक्षिका म्हणून तेहेतीस वर्षे काढली. आमच्या लहानपणी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० साली सरकारने मराठी शाळांत ती पहिलीपासून आणली, तेव्हा सहा वर्षांच्या पोरांना बालभारतीच्या पुस्तकातून 'गुड मॉर्निंग' शिकवणाऱ्यांत मीही होते. त्याआधीची माझी पुंजी म्हणजे वडिलांच्या ट्रंकेतली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तेवढ्या भांडवलावर पडवीत वर्ग सुरू केला. मंगळवार आणि शुक्रवार, दिवेलागण झाल्यावर. नऊ बाया. शिवाय माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी आधीच सांगून टाकले, 'मी नुसती ऐकणार. मला काय करायचंय इंग्रजी?' आणि त्यांच्याबरोबर त्यांची नात, बारावीला असलेली.

पहिल्याच दिवशी 'प्लीज'वर गाडी अडली. ह्याला मराठीत काय म्हणाल, म्हणून विचारले. एकीने लगेच सांगितले, 'कृपया.' मी म्हटले, 'घरात कधी म्हणता का, कृपया ताक वाढा?' सगळ्या हसल्या. 'कृपया' हा शब्द एस.टी.त आणि बँकेत, पाटीवर राहतो. मग आपण बोलताना गोडवा आणतो तरी कुठून? बाया विचार करू लागल्या आणि एकेक सापडत गेले. 'या ना.' 'बसा की.' 'वाईच थांबा.' 'एवढं द्या हं.' ना, की, हं, वाईच, एवढं. कोशात अर्धी ओळ व्यापणारे हे शब्द, पण सगळी मायाममता तेच वाहतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'बस' आणि 'बसा' यांतला काना. एका कान्यात मान असतो.

इंग्रजीत तो काना नाही. त्यांचे 'यू' सासऱ्यालाही तेच आणि शेळीलाही तेच. पूर्वी त्यांच्याकडेही 'तू'साठी निराळा शब्द होता, 'दाऊ' म्हणून. दोन-तीनशे वर्षांपूर्वी तो रोजच्या बोलण्यातून गेला. आता एकाच 'यू'वर सगळा संसार. माझा आपला अंदाज असा की, म्हणूनच त्यांना मान दाखवायला वाक्याला लांब शेपटी लावावी लागते. आमच्यातल्या एकीने पाहुण्यांसमोर चटई टाकून मोठ्या अगत्याने 'सिट, सिट' म्हटले, तर त्यांची पोरे फिदीफिदी हसली. तिला कळेना, 'बसा'च तर म्हटले! पण 'सिट' एवढेच म्हटले की ते कुत्र्याला सांगितल्यासारखे होते. 'वुड यू लाइक टु सिट हिअर?' म्हणजे 'आपल्याला इथे बसायला आवडेल का?' एवढे म्हणायचे, तेव्हा कुठे ते आपल्या 'बसा'ची बरोबरी करते. 'अगं बाई, एवढं बोलेपर्यंत पाहुणा उभाच की!' जाऊबाई म्हणाल्या.

बायांना सर्वांत आवडले ते 'डू'. 'कम अगेन' म्हणजे 'पुन्हा या'. पण 'डू कम अगेन' म्हटले की ते आपले 'याच हं पुन्हा' होते. 'डू हॅव सम मोअर' म्हणजे 'अजून घ्याच'. इतके दिवस 'डू' म्हणजे 'करणे' एवढेच पाठ होते, त्या 'डू'च्या पोटात आपला 'च' दडलेला पाहून एकीने तर कपाळावर हात मारला. हे बोलणे जरा जुन्या वळणाचे आहे, पण पाहुण्याला त्यात घरपण वाटते.

एक वाक्य मात्र मी तीन शुक्रवार घोटून घेतले. 'वुड यू माइंड?' याचे. पाहुणीने विचारले, 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' तर ते खिडकी उघडण्याविषयी आहे एवढे कळते आणि आपण आनंदाने 'येस, येस' म्हणतो. त्याचा अर्थ होतो, 'हो, माझी हरकत आहे!' तिथे म्हणायचे 'नो, नॉट अॅट ऑल', आणि खिडकी उघडायची. आपल्या 'हरकत नाही'मध्ये जसा नकारात होकार असतो तसाच हा. बायांनी मग 'हरकत नाही' हीच खूण धरली आणि गाडी रुळावर आली.

आता खऱ्या घोळाकडे येते. आमच्या गटातल्या एका वहिनींकडे बंगळूरचे जोडपे उतरले होते, साठीच्या पुढचे. संकष्टी होती. वहिनींनी उकडीचे मोदक केले, वर तुपाची धार. त्या बाईंनी एक मोदक खाल्ला आणि दुसऱ्याला म्हणाल्या, 'नो, थँक यू.' वहिनींच्या हिशेबाने हे पहिले 'नको'. त्यांनी वाढला. बाई पुन्हा म्हणाल्या, 'नो, रिअली, आय अॅम फाइन.' वहिनींना वाटले, तब्येत बरी आहे म्हणतात, मग खायला काय हरकत? तिसरा वाढायला गेल्या तेव्हा नवऱ्याने बायकोच्या पानावर आडवा हात धरला. पानात मोदक तसाच टाकलेला. वहिनी रात्रभर खट्टू. 'माझ्या हातचा मोदक टाकला' हेच डोक्यात. सकाळी त्या बाईंनी पिशवीतून इन्सुलिनची सुई काढली तेव्हा उलगडा झाला.

'आय अॅम फाइन' म्हणजे ताटावर बसलेला माणूस म्हणतो ते 'पुरे, मला नको'. त्यांचे पहिले 'नो' हेच शेवटचे. तिसऱ्यांदा विचारणे हा आपल्याकडे जिव्हाळा, त्यांच्याकडे ते गळ्यात पडणे. यात त्यांचे बरोबर की आपले, यावर पडवीत बराच वाद झाला. 'सावकाश होऊ द्या' म्हणत पंगतीतून फिरणारा यजमान, जिलबीचे ताट घेऊन मागे लागणारी पोरे, 'माझ्या नावाचा एक घास' हे सगळे काय खोटे? खोटे नाहीच. उपाशी उठू नये, भिडेने अर्धपोटी राहू नये, म्हणून कोणा शहाण्या माणसाने ही तीन वेळांची रीत घातली असेल. पण ती दोन्हीकडच्यांना माहीत असेल तरच चालते.

आणि माहीत असूनही कधी कधी घात होतो. जाऊबाईंचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, ती गोष्ट. शहरातला दवाखाना, रात्री दोनचा सुमार. ड्यूटीवरची नर्स येऊन विचारून गेली, 'आजी, दुखतंय का? इंजेक्शन देऊ?' जाऊबाई म्हणाल्या, 'नको, कशाला.' नर्स पुढच्या खाटेकडे गेली. तिचे काय चुकले? तिच्याकडे पंधरा खाटा. आणि जाऊबाई पहाटेपर्यंत दात दाबून पडून राहिल्या, तिने अजून एकदा विचारावे म्हणून. उशाशी नात होती. सकाळी तिने विचारले, 'आजी, दुखत होतं तर नको का म्हणालीस?' जाऊबाई म्हणाल्या, 'पहिल्या झटक्याला हो कसं म्हणायचं गं?'

हे मी वर्गात सांगितले नाही. जाऊबाईंनीच सांगितले, मोदकाचा वाद रंगला तेव्हा. नंतर कोणी काही बोलले नाही थोडा वेळ.

आमंत्रणाचा धडा त्या मानाने सोपा गेला. आपल्याकडे नुसती पत्रिका पोचली तर लोक येत नाहीत. अक्षत घेऊन घरी जावे लागते. लेकीला माहेरी आणायचे तर मूळ पाठवावे लागते. 'अगत्य येण्याचे करावे' असे जुन्या पत्रांत लिहीत, ते सांगताना मलाही बरे वाटले. इंग्रजी पत्रिकेच्या तळाशी 'आर. एस. व्ही. पी.' अशी चार अक्षरे असतात, ती मुळात फ्रेंच. 'येणार की नाही ते कृपा करून कळवा' असा त्यांचा अर्थ. बायांना हे फारच उद्धट वाटले. 'येणार का म्हणून विचारायचं? म्हणजे पानं मोजायला बसलो!' पण ज्यांच्या घरी पर्यटक दहा सांगून सोळा येतात, त्या दोघी म्हणाल्या, 'चांगली आहेत ती अक्षरं. आम्ही व्हॉट्सअॅपवर घालू.'

मन वळवण्याच्या बाबतीत मात्र आम्हाला साहेबाकडून शिकण्यासारखे थोडेच. ज्या गावात गाऱ्हाणे घालतात त्या गावाला 'व्हाय डोन्ट यू' आणि 'हाऊ अबाउट' काय शिकवणार! शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा गावकार देवासमोर गाऱ्हाणे घालतो, ते ऐका. आधी देवाचा मोठेपणा, मग घरातल्यांची नावे, मग मुंबईला गेलेले चाकरमानी, मग अडलेले काम, मग 'वाकडं असेल ते सरळ कर.' दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचे. देवालाही नाही म्हणायला जागा ठेवत नाहीत. उलट आंब्याच्या बाजारात मन वळवायला शब्दच लागत नसत. वाशीला पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. माझे दीर परत आले की त्यांच्या चेहऱ्यावरून भाव कळे. आता पाहुणेच कलमाखाली उभे राहून विचारतात, 'व्हाय सो कॉस्टली?' तिथे 'व्हाय डोन्ट यू टेस्ट वन?' एवढे वाक्य पुरते. पुढचे फोड बोलते.

शेवटी आवडीनिवडीचा धडा आला, आणि तिथे वर्ग बसला तो उठेचना.

शाळेत आम्ही 'आय प्रिफर टी टु कॉफी' शिकवतो. 'प्रिफर'पुढे 'टु' येते, 'दॅन' येत नाही, तेवढ्यावर एक मार्क. वाक्यातल्या माणसाला खरोखर चहा आवडतो का, याची परीक्षेत कोणाला फिकीर नसते. मी बायांना म्हटले, 'प्रत्येकीने आपली खरी आवड सांगा. मला हे त्याच्यापेक्षा बरं वाटतं, एवढंच. आय वुड रादर असं सुरू करा.' पाच मिनिटे कोणी तोंड उघडेना. इंग्रजी अडत होती म्हणून नव्हे. मी म्हटले, 'मराठीत सांगा.' तरी नाही. एकीने सांगितले, 'आमच्या यांना बांगडा आवडतो.' दुसरी म्हणाली, 'मुलांना पापलेट.' 'आणि तुला?' 'मला काहीही चालतं.'

हे 'चालतं' म्हणजे मोठे गमतीचे क्रियापद. इंग्रजीत त्याच्या जवळचे 'आय डोन्ट माइंड' आहे, पण त्यात इतकी वर्षे साचलेली नाहीत. आणखीही एक गोष्ट त्या दिवशी फळ्यावर लिहिताना माझ्या ध्यानात आली. 'मला चहा आवडतो' या वाक्यात 'आवडतो' हे चहाच्या मागे जाते. चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडते. मी आपली 'मला' होऊन बाजूला उभी. इंग्रजीत 'आय लाइक' म्हणताना 'आय' पहिल्या पाटावर बसतो, आणि लिहायचा तोही मोठ्या अक्षरात. याने भाषा बरी-वाईट ठरत नाही. आपली 'मला आवडते' ही रचना मला तरी सुंदरच वाटते, आवड बाहेरून येऊन माणसाला भेटल्यासारखी. पण ज्या बाईला आयुष्यभर कोणी विचारले नाही, तिला 'आय'ने सुरू होणारे वाक्य अंगावर घ्यायला जड जाते हे खरे.

अखेर गटातली सर्वांत गप्प बाई बोलली. दोन पोरांची आई, नवरा ट्रॉलरवर खलाशी. 'आय प्रिफर मिडल पीस टु टेल.' म्हणजे सुरमईची मधली तुकडी. 'पंधरा वर्षं शेपटी खाते मी. मला मधली आवडते.' सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि मग डोळे पुसू लागली. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, 'आय प्रिफर रत्ना टु हापूस,' आणि पडवीत एकच गिल्ला. रत्ना हे आमच्या कोकण कृषी विद्यापीठाचेच वाण, नीलम आणि हापूसच्या संकरातले, दर वर्षी धरणारे. पण २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरीचे नाव आहे. त्या रत्नागिरीत बसून असे वाक्य बोलायला धाडस लागते!

जाऊबाईंच्या नातीची पाळी सगळ्यात शेवटी आली. तिचे इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले. ती म्हणाली, 'आय वुड रादर डू नर्सिंग दॅन गेट मॅरिड नाऊ.' बायांना 'नर्सिंग' आणि 'मॅरिड' दोन्ही कळले. जाऊबाईंना नुसते ऐकायचे होते, त्यांनाही कळले. त्याच महिन्यात लांज्याकडचे एक स्थळ आले होते. मुलगा मुंबईला नोकरीत, माणसे चांगली. बापाने तिला विचारले होते, आणि ती म्हणाली होती, 'तुम्ही म्हणाल ते.' बापाने तो होकार धरला. आता तुम्हीच सांगा, त्याने तरी दुसरे काय धरायचे? आपल्याकडे लेक हो म्हणते ती असेच म्हणते. आणि नाही म्हणते तीही असेच म्हणते.

त्या रात्री जाऊबाईंनी मुलाला ओटीवर बोलावले. मीही होते. जाऊबाई म्हणाल्या, 'पोरीला परत एकदा विचार. माझ्यासमोर.' पोरीने या खेपेला मराठीत सांगितले, सरळ. 'बाबा, मला नर्सिंगला जायचंय. लग्न नको असं नाही, पण आत्ता नको. मला हे जास्त हवंय.' माझा पुतण्या माणूस वाईट नाही. फीची काळजी होती, मोहोर गळलेले साल होते, आणि स्थळाला शब्द दिल्यासारखे झाले होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग कोकणातला माणूस अशा वेळी म्हणतो तेच म्हणाला, 'देवाला कौल लावू. देव सांगेल तसं.'

कौल म्हणजे देवाची पसंती. पाषाणाला कळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा, उजवा कौल मिळाला की होकार. पोरगी म्हणाली, 'लावा. पण प्रश्न मी सांगते त्याच शब्दांत घाला. लग्न करावं का, असं नाही विचारायचं. तिला जे हवंय ते तिने करावं का, असं विचारायचं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात गेला आणि तासाभराने परत आला. कौल उजवा मिळाला, असे त्याने सांगितले. नेहमी कौलाला चार माणसे असतात, त्या दिवशी देवळात तो एकटाच होता. पुजारीही रत्नागिरीला बाजाराला गेला होता. जाऊबाईंनी फक्त 'बरं झालं' म्हटले आणि लांज्याच्या मंडळींना काय सांगायचे, ते ठरवायला बसल्या. नकार द्यायचा पण सोयरीक तुटू द्यायची नाही, त्यासाठी लागणारी वाक्ये मराठीत भरपूर आहेत.

ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत आली तेव्हा सांगत होती, रात्रपाळीला आपल्याकडची म्हातारी माणसे असली की ती इंजेक्शनचे तीन वेळा विचारते. बरोबरच्या मुली हसतात म्हणे.

आमचा वर्ग सध्या लावणीमुळे बंद आहे. गणपती झाले की पुन्हा सुरू करू. त्या सुरमईवाल्या बाईने आणखी दोघींना आणते म्हणून सांगितले आहे. पडवीत जागा कमी पडेल, पण बघू.